कुत्र्याची छत्री

आमचा सारा दिवस माणसांची ओळख पटविण्यात जातो. केंद्र सरकारच्या ज्या कचेरीत आम्ही कारकुनी करतो, तेथे नोव्हेंबर उजाडला की निवृत्त मंडळींची रांग लागते. आपण जिवंत आहोत, असा दाखला त्यांना वर्षातून एकदा सरकारात रुजू करावा लागतो. हल्ली हा हयातीचा दाखला अंगठ्याच्या यंत्रावर निघतो खरा. परंतु वार्धक्याने ज्यांच्या बोटांवरील रेषाच पुसट झाल्या आहेत, त्यांना यंत्र ओळखत नाही, आणि मग त्यांना आमच्या टेबलाशी यावे लागते. आम्ही छायाचित्र पाहतो, चेहरा पाहतो, जुनी सही नव्या सहीशी ताडतो, अक्षराची शेपटी कोणीकडे वळली आहे ते न्याहाळतो आणि शिक्का मारतो. या कामात आजवर आमची चूक निघालेली नाही. हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की अशा आम्हीच दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आमच्या सहा वर्षांच्या मुलीला विषारी भूछत्र खाऊ घातले.

आमचे मूळ गाव सावंतवाडीच्या बाजूस. तिकडे आषाढ सरताना पाऊस जरा दम घेऊ लागला, मधूनच ऊन पडून ढगांचा गडगडाट झाला, की आमची आई पहाटे परडी घेऊन मांगरामागच्या भरडावर जात असे. तिच्या मागोमाग आम्ही. वारुळांच्या आसपास रात्रीतून अळंबी फुटलेली असत. पांढरीस्वच्छ, मधोमध करड्या टोकाची, ओल्या मातीचा आणि किंचित पिठाचा वास असलेली. आई ती काढी. परडी धरण्याचे काम आमचे. कांदा, ओले खोबरे आणि घरचा मसाला घालून ती शिजली म्हणजे त्या दिवशी मासळी का नाही असे कोणी विचारीत नसे. जी खावयाची नसत त्या सर्वांना मात्र आमच्याकडे एकच नाव होते : कुत्र्याची छत्री. भाषेने येथे थोडा आळस केला आहे असे आता वाटते. खाण्याजोग्या चार जातींना तिने नावे दिली आणि उरलेल्या शेकडो जाती कुत्र्याच्या स्वाधीन करून ती मोकळी झाली. स्मृतिकारांनी तर तेवढाही भेद केला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंगतीस कवकेही बसवून सारीच द्विजांना वर्ज्य ठरविली आहेत. कालिदास अधिक रसिक. मेघाच्या गर्जनेने भूमीवर शिलीन्ध्रे उगवतात असे मेघदूतात त्याने म्हटले आहे. आणि शिलीन्ध्र म्हणजे भूछत्र हा अर्थ मान्य केला तर गडगडाट आणि अळंबी यांच्या संबंधाविषयी कालिदास आणि आमची आई यांचे एकमत होते असे म्हणावयास हरकत नाही.

तंजावरला बदली होऊन आम्ही आलो त्याला त्या वेळी दुसरे वर्ष लागले होते. मुलूख सोडून राहणाऱ्या आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको, की परगावी माणसाला आधी चुकतो तो पाऊस. आषाढ-श्रावणात येथे तुरळक सरी. खरा पाऊस येतो तो दिवाळीच्या सुमारास, समुद्रावरून, उलट्या दिशेने. आमच्याकडे भात कापून खळ्यावर येते तेव्हा येथे ते हिरवेगार उभे असते. कावेरीच्या फाट्यांनी कापलेला हा सगळा सपाट, चिखलाचा, भाताचा प्रदेश. डोंगर म्हणावा असा एक उंचवटा नजरेस पडत नाही. पहिल्या वर्षी आम्ही कॅलेंडरवर श्रावण पाहत होतो आणि बाहेर धूळ उडत होती. त्यामुळे दुसऱ्या वर्षी कार्तिकात आठ दिवस झड लागून एका दुपारी लख्ख ऊन पडले, आणि मागाहून थंजवूर–तिरुची रस्त्याच्या बाजूने मेघ गडगडले, तेव्हा आमच्या मनात जे हलले ते केवळ जिभेचे नव्हते.

आमच्या वसाहतीच्या पाठीमागून पुदु आरु वाहतो. 'नवी नदी' असे नाव असले तरी ती नदी नव्हे. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले त्या योजनेत कल्लणैपासून काढलेला तो कालवा आहे. कल्लणैचा मूळ बंधारा करिकाल चोळाचा, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा समजला जातो. त्या मानाने नव्वद वर्षांचा कालवा या लोकांना अजून नवा वाटतो यात नवल नाही. त्याच्या काठी गवताळ पट्टा आहे, बाभळी आहेत, आणि एक कमरेएवढे वारूळ आहे. शनिवारी सकाळी कन्येचे बोट धरून आम्ही तेथे गेलो, तो वारुळापासून दहाबारा पावलांवर गवतात पांढरी छत्रे उभी! ताटलीएवढी, ताजी, दवाने भिजलेली. छत्राच्या मध्यभागी तपकिरी खवले होते. आमच्या गावच्या अळंब्यांना खवले नव्हते. परंतु परमुलखात थोडा फरक असावयाचाच, असे आम्ही मनाशी म्हटले. देठावर सैलसे कडे होते. तेही नवे वाटले. तरीपण वारूळ होते, गडगडाट होता, पांढरा रंग होता आणि पंचवीस वर्षांपूर्वीची पहाट होती. एका अर्जदाराच्या कागदपत्रांत एवढी तफावत असती तर आम्ही त्याला परत पाठविला असता.

आम्ही अगदीच बेसावध नव्हतो, हेही नमूद करतो. घरी येऊन सर्व पारंपरिक परीक्षा केल्या. शिजताना चांदीचे नाणे टाकले. काळे पडले नाही. लसणीची पाकळी टाकली, पांढरीच राहिली. एका छत्राला किड्यांनी कुरतडलेले होते, तेव्हा किडे खातात ते माणसाला बाधत नाही, हाही पुरावा जोडला. या तिन्ही परीक्षा निखालस खोट्या आहेत. चांदी आणि लसूण यांना भूछत्रांतील विषाचा पत्ता लागत नाही, आणि माणसाचा जीव घेणारी भूछत्रे गोगलगायी आणि किडे आनंदाने खातात. उकळल्याने सर्व विष जाते ही समजूतही तशीच. सर्वांत घातक विषे उकळूनही कायम राहतात. हे आम्हांस नंतर कळले.

सौ. मूळच्या पुण्याच्या. "अहो, बाजारात डब्यातली मिळतात की," एवढेच त्या म्हणाल्या आणि दहीभात घेऊन बसल्या. आम्ही भाकरीबरोबर वाटीभर खाल्ली. चव बरी होती, परंतु ती नव्हती. आणि ती नाही हे कबूल करावयाचे नसल्यामुळे आम्ही जरा जास्तच वाखाणणी करीत होतो. कन्येने दोन घास घेतले ते तिला आवडले म्हणून नव्हे. बाबा एवढे आनंदाने खात होते म्हणून.

जेवण साडेआठाला झाले. दहाच्या सुमारास तिने पहिली उलटी केली. पुढच्या तासात आम्हा दोघांचे काय हाल झाले ते सांगण्याजोगे नाही. आमचे आम्हांस विशेष वाटले नाही. परंतु पोरीचे डोळे खोल गेले, ओठ सुकले, आणि बोलावले की ती आमच्याकडे पाही पण जणू कोणी परका माणूस दिसावा तसे पाही. सौ.नी रिक्षा आणली. आम्हांस नीट उभेही राहवत नव्हते. रिक्षात त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि तो त्यांनी काढला असता तर बरे झाले असते असे आम्हांस रात्रभर वाटत राहिले.

रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी आधी सलाईन लावले आणि मग दोनच प्रश्न विचारले : किती वाजता खाल्ले, आणि पहिली उलटी किती वाजता झाली? दीड तासाचे अंतर ऐकून त्यांचा चेहरा किंचित सैल झाला. त्याचे कारण त्यांनी नंतर सांगितले. जी भूछत्रे तासादोनतासांत पोट ढवळून काढतात ती हाल करतात; लहान मुलाच्या अंगातले पाणी जाऊन जीवावरही बेतू शकते, पण वेळीच पाणी आणि क्षार मिळाले तर बहुधा माणूस उठतो. भयंकर जी आहेत ती सभ्य असतात. खाल्ल्यावर सहा तास, बारा तास, कधी त्याहून अधिक काही होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, तेही थांबतात, रोगी बरा वाटू लागतो. आणि त्या एकदोन दिवसांच्या शांततेत यकृत नासत असते. "परंतु," डॉक्टर म्हणाले, "एकाच पातेल्यात दोन जाती गेल्या असतील तर? लवकर उलटी झाली म्हणून दुसरी जात नव्हतीच असे म्हणता येत नाही." म्हणून त्यांनी दोघांनाही ठेवून घेतले आणि रक्त तपासावयास पाठविले.

ती रात्र आम्ही घड्याळाकडे पाहत काढली. सहा तास : अडीच वाजता. बारा तास : साडेआठ. आम्ही तोडलेली सगळी छत्रे एकाच जातीची होती काय? मनातल्या मनात आम्ही एकेक छत्र पुन्हा तोडून पाहिले. सात होती. पाच सारखी होती हे शपथेवर सांगू शकलो असतो. उरलेल्या दोहोंचे काही आठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी कन्येने उठून इडली मागितली. तिच्या रक्तात काही दोष निघाला नाही, आमच्याही नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

घरी येताच कन्या धावली ती तिच्या बाहुलीकडे. आम्ही आणलेल्यांपैकी एक छत्र तिने त्या सकाळीच पळविले होते आणि चित्रकलेच्या वहीवर बाहुलीशेजारी उपडे ठेवले होते. बाहुलीला छत्री म्हणून. ते आता काळवंडून लिबलिबीत झाले होते. सौ.नी चिमट्याने उचलून ते फेकले, आणि खालच्या पांढऱ्या कागदावर एक वर्तुळ उमटलेले दिसले. मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या शेकडो बारीक रेषा, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि रंग हिरवा. शेवाळाचा मळकट हिरवा. आम्ही शिजविली ती छत्रे पोटाशी पांढरीच होती. हिरव्याचा मागमूस नव्हता. आपण कोण आहोत हे त्या भूछत्राने कागदावर लिहून ठेवले होते, मात्र आम्ही जेवून उठल्यानंतर.

या हिरव्या ठशावरूनच पुढे त्याचे नाव लागले. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही उष्ण प्रदेशांतील गवताळ जागी सर्रास उगवणारी जात. छत्राखालचे पापुद्रे कोवळेपणी पांढरे असतात आणि पिकल्यावर हिरवट होतात, म्हणून ताजे तोडणारा फसतो. छत्राच्या पोटातील पापुद्र्यांवरून बीजाणूंची भुकटी रात्रभर खाली गळत असते. छत्र देठापासून कापून कागदावर उपडे ठेवावे, वर वाडगा झाकावा, सकाळी ठसा तयार. कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा घ्यावा, म्हणजे पांढरी भुकटीही दिसते. वारुळावरच्या खऱ्या अळंब्यांचा ठसा फिक्कट गुलाबी. प्राणघातक अमानितांचा पांढरा. मात्र गुलाबी पडला म्हणजे पाट मांडावा असेही नव्हे. एंटोलोमा वर्गातील विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो. अंगठ्याच्या ठशावर सर्वस्वी विसंबू नये, हे तर आम्ही आमच्या कचेरीत रोज पाहतो.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत सुटलो. भीती ओसरल्यावर माणसाला अभ्यास सुचतो. त्यात दोन हकीकती वाचल्या त्या अजून मनातून जात नाहीत. पहिली आसामची. २०२२ च्या एप्रिल महिन्यात तेथे रानातील भूछत्रे खाऊन १३ माणसे मेली. बहुतेक चहाच्या मळ्यांतील कामकरी, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी. या मळेकऱ्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर वगैरे भागांतून आणलेले. भूछत्रे खाणे त्यांच्या परंपरेतले. दुसरी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराची. २०११ सालच्या अखेरच्या रात्री तेथील एका चिनी आचाऱ्याने सहकाऱ्यांसाठी रानातून आणलेली भूछत्रे रांधली. तो आणि एक बाई अशी दोन माणसे नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दगावली. चीनमध्ये भाताच्या पेंढ्यावर एक रुचकर भूछत्र पिकवतात. येथे तंजावरच्या पेंढ्यावरही ते आपोआप येते. कोवळेपणी ते अंड्यासारख्या पिशवीत असते आणि उमलल्यावर ती पिशवी बुडाशी राहते. युरोपातून ओकच्या झाडांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलेल्या अमानिता फॅलॉइडीसलाही बुडाशी अशीच पिशवी असते. ठसा घेतला असता तर एकाचा गुलाबी पडता, दुसऱ्याचा पांढरा. चीनमध्ये मात्र त्या आचाऱ्याला ठसा घेण्याची गरज कधी पडली नसावी.

ही माणसे अडाणी नव्हती. ज्याला भूछत्रांतले काही कळत नाही तो रानातून ती आणतच नाही, आमच्या सौ.प्रमाणे दहीभात खातो. फसतो तो जाणकार, आणि तोही घरापासून दूर. आपल्या गावच्या रानात कोणकोणत्या जाती आहेत आणि कोणत्या नाहीत हे तेथील माणसाला न शिकता ठाऊक असते. त्याच्या ज्ञानाचा निम्मा भाग तेथे काय उगवत नाही यात असतो, आणि तो भाग गाठोड्यात बांधून परमुलखात नेता येत नाही. आम्ही पाचशे कोसांवरून एक चेहरा मनात घेऊन आलो होतो आणि त्याच्याशी जुळणारे पहिले तोंड दिसताच शिक्का मारला.

प्रकृती सुधारल्यावर आम्ही आईला दूरध्वनी केला. कन्येचे आजारपण सौम्य करून सांगितले, पण ती सगळे समजली. रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहून तिने एकच विचारले, "मूळ बघलंस रे झिला?"

मूळ आम्ही पाहिले नव्हते. किंबहुना मूळ पाहावयाचे असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. ती बोलली तेव्हा आठवले, की ती अळंबे कधीच तोडीत नसे. काठीने माती सैल करून देठाच्या कडेने बोटे खाली घाली, हातभर खाली, आणि हळूहळू ओढी. लांब पांढरी शेपटी बाहेर येई. आम्ही परडी धरून वर उभे, आमची नजर छत्रावर. आईच्या ज्ञानातला वरचा तुकडा तेवढा आमच्या वाट्याला आला होता.

ही शेपटीच खरी ओळख. वारुळावरील अळंबे वरच्या मातीत रुजलेले नसते. ते खाली वाळवीच्या घरातून आलेले असते. वाळवी सुकी पाने आणि लाकूड आणून त्यांचे स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर बुरशी वाढविते आणि ती खाऊन जगते. लाकूड पचविण्याचे काम बुरशीचे, बुरशीला घर आणि खाद्य देण्याचे काम वाळवीचे. पाऊस पडला की त्या पोळ्यातून देठ निघतो आणि माती फोडत वर येतो. मधले टोकदार करडे टोक त्यासाठीच. आमच्या हिरव्या ठशाच्या भूछत्राला असले मूळ नसते, ते गवतातच संपते. वारूळ जवळ होते एवढेच. दोघांचा काही संबंध नव्हता. देठावरच्या कड्याची खूणही कामाची नाही, कारण वारुळावरील एका जातीलाही कडे असते. ती जात के. नटराजन यांनी १९७९ साली शास्त्रीय नावानिशी नोंदविली. योगायोग असा, की त्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, १७७९ साली, बर्लिनमध्ये एक निबंध छापला गेला आणि त्याचा विषय होता तंजावरच्या मुलखातील वाळवी. लेखक योहान क्योनिग. लिनियसचा शिष्य, १७६८ साली तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून आलेला. वाळवीच्या घरात बुरशी असते याची शास्त्रीय जगात पहिली नोंद त्याची. त्या वर्षी येथे गादीवर आपले तुळजाराजे होते. राजवाड्यापासून जवळच कोठे एक परदेशी वैद्य गुडघ्यांवर बसून वारूळ खणीत असेल, हे चित्र डोळ्यांसमोर आणून आम्ही बराच वेळ घालविला आहे.

सौ.नी त्या रात्री नवस बोलला होता, तो फेडावयास आम्ही पुन्नैनल्लूरला गेलो. बरोबर आमच्या कचेरीतील एक वडील सहकारी होते. ते तंजावरचे मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्या घराण्यांपैकी. आम्ही येथे नवीन होतो तेव्हा त्यांची मराठी ऐकून फार आनंद झाला होता आणि आठ दिवसांत आमच्या ध्यानात आले होते, की शब्द आपले असले तरी अर्थ पुष्कळदा निराळा निघतो. त्यांनाही आमच्याविषयी तेच वाटले असावे. पुन्नैनल्लूरची मारियम्मा शहराच्या पूर्वेस, तीन-चार मैलांवर. व्यंकोजीराजांना दृष्टान्त होऊन त्यांनी हे ठाणे वसविले अशी कथा आहे. गाभाऱ्यासमोर उभे असताना सहकारी हळूच म्हणाले, की ही मूर्ती पाषाणाची नव्हे, वारुळाच्या मातीची आहे. म्हणून हिला पाण्याचा अभिषेक नाही, तेलाचा संस्कार होतो. आम्ही हात जोडले होते ते तसेच राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हांस वल्लमचा चष्मा घ्या म्हणून सल्ला दिला. वल्लम गावी पूर्वी स्फटिकाच्या भिंगांचे चष्मे होत. आता होत असते तर आम्ही खरोखरच घेतला असता.

गेल्या कार्तिकात पुन्हा झड लागली आणि उघडली. कालव्याच्या काठी शेळ्या चारणारी एक म्हातारी असते; कन्या तिला पाट्टी म्हणते. कन्येचे तमिळ आता आमच्याहून दसपट चांगले आहे. त्या सकाळी पाट्टी वारुळापाशी वाकली होती. आम्ही जवळ गेलो तो तिने पारव्या रंगाचे लुगडे खोचून काठीने माती सैल केली, देठाच्या कडेने बोटे खाली घातली, मनगटापर्यंत, कोपराजवळ, आणि हलकेच ओढले. लांब पांढरी शेपटी बाहेर आली. आम्ही तेथेच बसलो. "बाबा, रडता काय?" कन्येने मराठीत विचारले, आणि पाट्टीला तमिळमध्ये काहीतरी सांगितले, ती हसली.

कन्येच्या मध्यस्थीने पाट्टीने आम्हांस सांगितले, की पलीकडे गवतात ताटलीएवढी येतात ती घ्यावयाची नसतात. शेळ्यादेखील तोंड लावीत नाहीत. ती आम्हांस त्या साली का भेटली नाही, असा अगदी अन्यायाचा विचार मनात आला. निघताना तिने पाच अळंबी केळीच्या पानात बांधून कन्येच्या हाती दिली.

घरी आल्यावर सौ. काही बोलल्या नाहीत; परंतु कढई मांडली नाही. आम्हीच म्हटले, की आधी ठसा घेऊ. कन्येने काळा आणि पांढरा कागद चिकटवून तयारी केली, प्रत्येक छत्र उपडे ठेवून त्यावर वाट्या झाकल्या. शेपट्या आम्ही मोजपट्टीने मोजल्या. सर्वांत लांब एकोणीस इंच भरली. सकाळी वाट्या उचलल्या. पाचही ठसे फिक्कट गुलाबी, एकसारखे, त्यांत शंकेला जागा नाही. अळंबी मात्र रात्रीतून पिवळी पडून त्यांत बारीक अळ्या झाल्या होत्या. ही जात एक दिवसही टिकत नाही. काढावी आणि त्याच दुपारी शिजवावी. सौ.नी ती नारळाच्या बुंध्याशी टाकली.

ठशांचा कागद कन्येने आमच्या एका जुन्या सरकारी फायलीत लावला आहे. खाली तिने तमिळमध्ये 'पुत्तुक्काळान' असे लिहिले आणि मराठी नाव आमच्याकडून लिहून घेतले. त्या संध्याकाळी पाट्टीने, कशी झाली होती, असे हाताच्या खुणेनेच विचारले. कन्येने खरे ते सांगितले. पाट्टीने कपाळाला हात लावला, आमच्याकडे पाहत एक लांबलचक वाक्य उच्चारले आणि शेळ्या हाकीत निघून गेली. त्याचा अर्थ आम्ही कन्येला अनेकदा विचारला. अद्याप तिने सांगितलेला नाही.